चुकलेला डबा

न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्या फाटकावर मी पुष्कळ वर्षे कंटेनरचे नंबर टिपले. चार अक्षरे आणि सात आकडे. त्यांतला शेवटचा आकडा मोठा गमतीचा. तो आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. मध्ये एखादा आकडा चुकीचा टिपला, की हिशेब जुळत नाही आणि यंत्र लगेच चुगली करते. खोके चुकू नये, एवढेच आमचे शास्त्र.

खाडीपलीकडे, मुंबईत, डबेवाल्यांचेही तेच. मावळातून आलेली ही माणसे झाकणावरच्या रंगांच्या नि अक्षरांच्या खुणा पाहून डबे पोचवतात. त्यांचा डबा चुकणे म्हणजे नवलच! आणि रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपट नेमका तिथूनच सुरू होतो. इलाने नवऱ्यासाठी धाडलेला डबा जातो साजन फर्नांडिस या निवृत्तीला टेकलेल्या विधुर हिशेबनिसाकडे. डबा चाटूनपुसून परत आलेला पाहून इला त्यात चिठ्ठी ठेवते. साजनचे पहिले उत्तर काय? तर, आज जेवण खारट होते!

मोबाईलच्या काळात ही दोघे चिठ्ठ्यांवर का विसंबतात? मला वाटते, उत्तराला उद्याची दुपार उजाडावी लागते, म्हणून. तेवढ्या अवधीत माणूस समोरच्याचा विचार करतो. पत्ता बिनचूक गाठणे हे यंत्राचे काम. त्या पत्त्यावरचे माणूस गाठणे आपले.

पण हे मी कोणत्या तोंडाने सांगू? बायकोने उणीपुरी तीस वर्षे मला डबा दिला. तो कधी चुकला नाही, आणि मीही त्यावर कधी अवाक्षर बोललो नाही. आता ती स्वयंपाकघरातून ओटीवर मोबाईलने निरोप धाडते, ‘पाने वाढली.’ मी उलट अंगठा धाडतो. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय, ते आपण जाणताच!

परवा हा चित्रपट पुन्हा पाहिला. रात्री कागदाच्या तुकड्यावर लिहिले, ‘तुझे कोळंबीचे कालवण मला फार आवडते. सांगायचे राहून गेले.’ तो तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवस घरात सामसूम. तिसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याच्या घरात तोच तुकडा सापडला. मागे लिहिले होते, ‘चिठ्ठी पोचली. तीस वर्षे लागली. येताना कोळंबी आणा.’