मंद ताऱ्यांचा ताव आणि तेज

कुंडलशेजारच्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना बेळगांवहून येऊन वसला. कारखाना असो वा गांवच्या लोहाराचा भाता, लोखंडाचा ताव रंगावरून ओळखतात: तांबडें कमी तापलेलें, पांढरें अधिक. ज्योतिर्विदहि ताऱ्यांस हीच कसोटी लावतात.

सूर्यपृष्ठाचें तापमान सुमारें ५,५०० अंश सेंटिग्रेड, ४.२ प्रकाशवर्षांवरील ‘प्रॉक्सिमा’ या तांबड्या ताऱ्याचें सुमारें २,७०० अंश. अशा ताऱ्याचें बहुतेक तेज अदृश्य अवरक्त किरणांतून बाहेर पडतें. म्हणून डोळ्यांच्या मापानें प्रॉक्सिमा सूर्याच्या सुमारें वीस हजाराव्या हिश्शाइतका भासतो. सर्व किरण जमेस धरतां मात्र सहाशाव्या हिश्शाइतका ठरतो.

ताऱ्याच्या वातावरणांतील वाफ अवरक्त वर्णपटांत काळे पट्टे उमटवते. ते जितके गडद, तितका तारा थंड. आपल्या हवेंतील बाष्पहि हे किरण गिळतें. यास्तव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बनविलेला अवरक्त वर्णपटमापक २०१३ सालीं लडाखमधील उंच, कोरड्या हान्ले येथील दोन मीटरच्या दुर्बिणीस जोडला गेला.

२०१६ सालीं प्रॉक्सिमाभोंवतीं एक ग्रह सांपडला. तेथें पाणी द्रवरूपांत टिकेल काय, या प्रश्नाचा विचारहि त्या मंद ताऱ्याचें तेज अचूक मोजल्यावांचून करतां येत नाहीं.