मान टाकलेलं रोप



मिरग बरसला की आमच्या गुरुकुंज मोझरीत आणि सगळ्या तिवसा तालुक्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाऊ, पाणी त रोज टाकून राह्यली, तरी रोपानं मान टाकली. काहून?" रोप मिरचीचं असो, वांग्याचं असो, की संत्र्याच्या कलमासाठी लावलेलं जंबेरीचं असो, सवाल तोच. पुष्कळदा उत्तर त्या सवालातच असतं. रोज टाकलेलं पाणीच त्या रोपाला भोवलेलं असतं.

पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं खालून वर येत नाही, म्हणून रोप मान टाकतं. आता ते का येत नाही, हे आपल्याला शोधावं लागतं. कधी जमिनीत ओलच नसते. कधी ओल भरपूर असते, पण मुळं गुदमरून मेलेली असतात. कधी मुळं बरी असतात, पण बुडाशी खोड सडलेलं असतं. दुखणी वेगवेगळी, आणि वरून दिसतं ते एकच. म्हणून मान टाकलेलं रोप दिसल्याबरोबर झारी उचलू नका, औषधाची पुडीही फोडू नका. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी लागली तर प्रश्न तहानेचा. बोटाला चिखल लागला तर पाण्याला हात लावायचा नाही.

वेळही पाहा. दुपारी दोनला मान टाकलेलं रोप संध्याकाळी आपोआप उभं राहत असेल तर ते उन्हानं दमलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तिथे दोन पानांच्या रोपाची काय कथा! त्याला 50 टक्के सावलीची जाळी पुरते. पण पहाटे, हवेत गारवा असतानाही रोप पडलेलंच असेल, तर दुखणं आत आहे असं समजा.

तहानेचं दुखणं सोपं, पण त्यातही एक मेख आहे. प्लास्टिकच्या पिशवीतली काळी माती पूर्ण वाळली की आकसते आणि पिशवीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. पिशवीखालची जमीन ओली होते, मातीचा गोळा आत कोरडाच राहतो, आणि आपण म्हणतो, पाणी तर दिलं! अशी पिशवी पाण्यानं भरलेल्या घमेल्यात उभी ठेवा. मातीतून बुडबुडे येऊ लागतील. ते थांबले की पिशवी काढा, निथळू द्या, सावलीत ठेवा. मुळं जिवंत असतील तर रोप सहसा दुसऱ्या दिवसापर्यंत मान वर करतं.

खरी लढाई ओल्या मातीतली. आपली वऱ्हाडातली काळी जमीन कपाशीला वरदान आहे, पण रोपवाटिकेत ती जपून वापरावी लागते. तिच्यात चिकण कण फार. पाणी पडलं की ती फुगते, बारीक छिद्रं बंद होतात आणि आतली हवा संपते. मुळांनाही श्वास लागतो. हवा संपली की मूळ पाणी ओढायचं थांबतं. भोवती पाणी असून रोप तहानेनं मरतं ते असं. त्यात वरून युरियाची चिमूट टाकली की उरलेली मुळंही भाजतात. पडलेल्या रोपाला खत देऊ नये. आजारी मुळाला ते पेलत नाही.

आता एक काम माझ्याबरोबर मनातल्या मनात करा. वाफ्यातलं एक आजारी रोप उपटू नका, खुरप्यानं मातीसकट उचला. बादलीतल्या पाण्यात ते हलक्या हातानं हलवा, म्हणजे माती सुटेल आणि मूळ तुटणार नाही. मूळ पांढरं, टणक आहे? मग काळजी कमी. ते तपकिरी, मऊ झालं असेल तर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळूच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ती मूळकूज. नंतर खोडाचं बूड पाहा. जमिनीलगत ते पाणचट, काळपट होऊन दोऱ्याएवढं बारीक झालं असेल आणि रोप तिथूनच आडवं पडलं असेल, तर ती रोपांची मर. पानं हिरवी असतानाच रोप कोलमडतं, ही तिची खूण. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. मूळ कुरतडलेलं असेल तर हुमणी किंवा उधई शोधा. रोगाची कुठलीच खूण नसून शेंड्याची पानं अरुंद आणि पिळवटलेली दिसत असतील, तर घरातला फवारणी पंप आठवा. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता रोपांवर वापरला की असं होतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

मर आणि मूळकूज करणाऱ्या जिवांपैकी दोन मोठे म्हणजे पिथियम आणि फायटोप्थोरा. बटलर नावाच्या शास्त्रज्ञानं बिहारातल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत असताना 1907 साली पिथियमवर मोठा प्रबंध लिहिला. म्हणजे या शत्रूची ओळख आपल्या देशाला शंभराहून जास्त वर्षांची आहे. हे दोघे बुरशीसारखे वाढतात, पण खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. शैवालांशी त्यांचं नातं जवळचं. त्यांच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. आयर्लंडात 1845 नंतर बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणला तो फायटोप्थोराच्याच जातीनं.

ही माहिती आपल्या खिशाशी निगडित आहे. वाफ्यात मर दिसली की पुष्कळ जण दुकानातून कार्बेन्डाझिम आणून ओततात. ते चांगलं बुरशीनाशक आहे, पण पिथियम आणि फायटोप्थोरावर त्याचा उपयोग होत नाही. पैसे जातात, आठ दिवस जातात, वाफा जातो. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम या मापानं, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड तीन ग्रॅम या मापानं मुळाशी ओततात. आडवं पडलेलं रोप त्यानं उठत नाही. औषध असतं ते शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या रोपांसाठी. पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढून जाळायची, पाणी तोडायचं, दाट उगवलेली रोपं विरळ करायची, वारा खेळू द्यायचा, आणि मगच औषध. हातमोजे आणि तोंडावर फडकं हवंच. 2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विसरण्यासारखं नाही.

संत्र्याच्या रोपाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. मिरचीचं रोप मेलं तर एक हंगाम जातो. संत्र्याचं आजारी रोप जगलं, तर त्याहून जास्त नुकसान करतं. आमच्या मोझरीच्या उत्तरेला मोर्शी-वरूडचा पट्टा आहे. तिथल्या शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांमधून संत्र्याच्या कलमा दूरदूर जातात. जंबेरीचं बी गादीवाफ्यावर टाकतात, रोपं मोठी झाली की दुसऱ्या वाफ्यात किंवा पिशवीत लावतात, खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. या प्रवासात कुठेही फायटोप्थोरा मुळात शिरला, तर तो पिशवीतल्या मातीबरोबर आपल्या शेतात येतो. कलम लागतं, पालवी फुटते, आपण खूश होतो. झाड बहराला यायला पाच-सहा वर्षं लागतात. नेमकं तेव्हा बुंध्यावर डिंक दिसू लागतो, पानं पिवळी पडतात, फांद्या वाळतात. वीस-पंचवीस वर्षं उत्पन्न देणारी बाग ऐन उमेदीत खचते. या डिंक्यानं वऱ्हाडातल्या कितीतरी बागा उजाड केल्या.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मुळं सडलेलं संत्र्याचं रोप वाचवायचं नाही. भाजीचं रोप वाचवा, अंगणातलं तुळशीचं वाचवा. पण साल निघून आलेलं जंबेरीचं मूळ दिसलं की ती पिशवी मातीसकट बाहेर काढा. एका रोपाची माया एकरभर बागेला भारी पडते.

वाचवण्याचं खरं काम उन्हाळ्यातच उरकायचं असतं. एप्रिल-मेमध्ये रोपवाटिकेची माती पाणी देऊन ओली करा, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा, कडा मातीनं बंद करा आणि चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. आतली वाफ रोगाचे जीव, तणाचं बी, सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मारते. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं नको, कारण काळ्यातून ऊन आत जात नाही. इस्रायलमध्ये 1976 साली ही पद्धत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली. आपल्याला ज्या उन्हाचा जाच होतो, ते इथे फुकटात कामाला येतं. त्यानंतर मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घाला. गादीवाफा वीतभर उंच ठेवा. बी ओळीनं, विरळ टाका. पिशव्या उघड्या काळ्या जमिनीवर मांडू नका, खाली मुरुमाचा किंवा गिट्टीचा थर द्या आणि पिशवीची छिद्रं मोकळी आहेत का ते पाहा. पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते.

एक गोष्ट एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. पोहणारा हा रोग पाटाच्या पाण्याबरोबर एका वावरातून दुसऱ्या वावरात जातो. वरच्या धुऱ्यावर सडकी रोपं फेकली तर खालच्याचा वाफा जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभा केला आणि जन्मभर गावानं एकत्र येऊन काम करण्याचा आग्रह धरला. ग्रामगीतेचे 41 अध्याय त्यांनी गावालाच अर्पण केले. नाल्या साफ ठेवणं, सडकी रोपं एका जागी जाळणं, हे श्रमदानाचंच काम आहे. पावसाळ्याच्या तोंडाला प्रत्येक गावानं ते अंगावर घ्यावं.

रोग ओळखता आला नाही तर अंदाजानं औषध घेऊ नका. आजारी रोप मुळा-मातीसकट पिशवीत बांधून बडनेऱ्याजवळच्या दुर्गापूरच्या किंवा घातखेडच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथले लोक मूळ पाहून सांगतात.

आणि आता कलमा आणायला निघाल, तेव्हा परवाना असलेल्या रोपवाटिकेतच जा. फळरोपांच्या विक्रीसाठी राज्यात 1969 चा कायदा आहे. परवाना पाहायला मागण्यात संकोच नको, पक्की पावती घ्या. डोळा जमिनीपासून निदान वीतभर वर भरलेला आहे का ते पाहा, आणि लावतानाही तो मातीच्या वरच राहू द्या. गाडी भरण्याआधी एका पिशवीचे पैसे वेगळे द्या, तिथेच ती फाडा, मूळ धुऊन पाहा. पांढरं असेल तरच बाकीच्या कलमा घ्या. तपकिरी निघालं तर रिकाम्या गाडीनं परत या.