माझा भाग कोणता?

(अजिंठा येथे मंडळीच्या सभासदांपुढे व मदतनीसांपुढे केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातली एक भिल्ल मुलगी कॉलेजातून आली ती गप्पच. बी.ए.च्या वर्गात पाच जणांचा गटप्रकल्प होता. मी विचारले, "तुझ्याकडे कोणते काम होते?" म्हणाली, "ताई, झेरॉक्स आणायचे." गुण सर्वांना सारखे मिळाले. पण वर्गात तिला प्रश्न विचारला गेला, उत्तर आले नाही, आणि मुले हसली. त्या रात्री ती म्हणाली, "मी शाळेवरच थांबायला हवे होते."

मला दुसऱ्यांना दोष देता येईना. आमच्या अभ्यासिकेत मीही "आपापले गट करा" एवढेच सांगत असे. ओळखीची मुले एकत्र बसत, वस्तीवरून नवी आलेली भिंतीपाशी उरत.

आपल्या शेजारच्या लेण्यांतच एक धडा आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे बऱ्याच प्रतिकृती लंडनच्या आगीत जळाल्या. पण ज्याने स्वतः कुंचला धरला, त्याचे शिक्षण त्याच्याजवळ राहिले. नुसते रंग धरून उभे राहणाऱ्याजवळ काय राहिले असते?

अमेरिकेत ऑस्टिन येथे १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग एकत्र झाले, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी एक पद्धत काढली. तीच आम्ही घेतली. गट आम्हीच पाडतो, चार-पाच जणांचे. विषयाचे तेवढेच भाग करतो, प्रत्येकाला एकच. सारखा भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. शेवटी प्रत्येकाची परीक्षा सगळ्या विषयावर, वेगवेगळी. त्यामुळे कोणाचेही बोलणे ऐकल्यावाचून भागत नाही.

पहिला विषय होता २००६ चा वनहक्क कायदा. 'दावा कसा करायचा' हा भाग त्या मुलीकडे आला. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, नंतर जिल्हा समितीकडे जातो, हे तिने वडिलांच्या कागदांवरून समजावले. शहरातली मुले वहीत उतरवून घेत होती. आता कॉलेजातही गट पडला की ती आधी विचारते, "माझा भाग कोणता?"

नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला. कित्येकांनी आपल्या घरासमोरचा भाग बांधला, आणि कोणी किती बांधले हे नावानिशी लिहिले गेले.

म्हणून आज मी पैसे मागत नाही. शनिवारी संध्याकाळी एक तास अभ्यासिकेत या. प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.