मूळ कोण आणि सावली कोण? : 'पाठलाग' या रहस्यपटाविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, शिवचरित्रावर किंवा फार तर नाट्यसंगीतावर बोलावे, अशी रीत आहे. मी एका रहस्यपटावर बोलणार आहे, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे रहस्यकथा हा दिवाणखान्यातील कपाटात मांडून ठेवण्याचा प्रकार कधीच नव्हता. तिची जागा उशीखाली. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे मराठी घराघरांत पोहोचली. मराठी वाचनाची गोडी ज्यांना या पुस्तकांनी लावली, असे कितीतरी वाचक त्या पिढीत होते. तरीही वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत अर्नाळकरांच्या वाट्याला किती ओळी आल्या, हे मोजायला फार वेळ लागत नाही. वाचकांनी डोक्यावर घ्यावे आणि समीक्षकांनी दखलही घेऊ नये, हा या प्रकाराचा भोगच म्हणावयाचा.

या पार्श्वभूमीवर १९६४ सालच्या 'पाठलाग' या चित्रपटाची कहाणी निराळी आहे. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक राजा परांजपे. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' अशा चित्रपटांमुळे ज्यांचे नाव प्रसन्न विनोदाशी आणि करुणेशी जोडले गेले होते, त्यांनी रहस्याला हात घालावा, याचे अनेकांना नवल वाटले असेल. नायक डॉ. काशीनाथ घाणेकर आणि नायिका भावना, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पारितोषिकांत मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक 'पाठलाग'ला मिळाले. कादंबरी म्हणून जी कथा उशीखालीच राहिली असती, ती पडद्यावर येताच राजमान्य झाली.

रसिकांचा कौल तर त्याहून बोलका होता. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, या कथेवर तमिळमध्ये 'इदय कमलम्' निघाला आणि १९६६ साली राज खोसला यांनी हिंदीत 'मेरा साया' काढला. साधना, सुनील दत्त, मदनमोहन यांचे संगीत, उदयपूरची दृश्ये आणि मूळच्या कृष्णधवल चित्रपटाच्या जागी आता रंग! लता मंगेशकरांचे शीर्षकगीत आणि आशाताईंचे झुमक्याचे गाणे देशभर गाजले. मराठी पडद्यावरची गोष्ट इतक्या झपाट्याने उत्तरेत आणि दक्षिणेत पोहोचावी, असे त्या काळी क्वचितच घडे.

आता कथेकडे वळू. साठ वर्षे उलटून गेलेल्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल आपण क्षमा कराल, अशी आशा आहे. एका नामांकित वकिलाची पत्नी मरण पावते. तो शोकात बुडालेला असताना दरोडेखोरांच्या टोळीतील एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि 'मीच तुमची पत्नी' असे सांगते. पती-पत्नींखेरीज कुणाला ठाऊक नसतील अशा गोष्टी ती कोर्टात बोलून दाखवते. वकील तिला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, तिच्यावर विश्वास ठेवायला मात्र तयार होत नाही. कारण ज्या पत्नीला त्याने डोळ्यांदेखत गमावले, ती परत कशी येईल? शेवटी उलगडते ते असे : मेली ती पत्नीसारखीच दिसणारी तिची बहीण होती, आणि पिंजऱ्यात उभी आहे तीच खरी अर्धांगी.

आपल्याकडे या चित्रपटाचे स्वागत कसे झाले? भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. आपली मराठी कुटुंबेही आली. येथे हिंदी चित्रपट सहज पाहायला मिळे; मराठी चित्रपट पाहायचा तर बहुधा नागपूरला किंवा पुण्या-मुंबईला सुट्टीत जाऊनच. साहजिकच आपल्यापैकी पुष्कळांनी आधी 'मेरा साया' पाहिला आणि 'पाठलाग' त्यानंतर, कित्येक वर्षांनी. आमच्या घरीही तसेच झाले. एका दिवाळीत पाहुण्यांसह आम्ही 'पाठलाग' पाहत होतो. पहिली पंधरा मिनिटे झाली असतील-नसतील, तोच मावशींनी सांगून टाकले, "अरे, हीच खरी बायको आहे!" घरातली तरुण मंडळी हिरमुसली. एकाने तर जाहीर केले, "हा 'मेरा साया'चीच नक्कल दिसतो." थोरल्या काकांनी शांतपणे दोन्ही सालं सांगितली. तरी त्या मुलाच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना.

या छोट्याशा प्रसंगात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, रहस्य आधीच कळले तर रहस्यपटात उरते काय? समीक्षकांचा जुना आक्षेप हाच आहे : अशी कलाकृती एकदाच भोगायची, दुसऱ्यांदा ती चिपाड. या आक्षेपाचे उत्तर जगातल्या दोन थोर दिग्दर्शकांनी आपल्या कृतीतून दिले आहे. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) ब्वालो-नार्सजाक या लेखकद्वयाच्या फ्रेंच कादंबरीवरून घेतलेला आहे, आणि त्याचाही विषय मृत स्त्रीसारखी दिसणारी स्त्री हाच आहे. कादंबरी आपले रहस्य शेवटपर्यंत जपते. हिचकॉकने ते शेवटाच्या बरेच आधी प्रेक्षकांच्या हाती देऊन टाकले. त्या वेळी समीक्षकांचे मत संमिश्र होते. पण २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या जगभरच्या समीक्षकांच्या कौलात हाच चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला. समीक्षेला आपले मत बदलायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला!

दुसरे उदाहरण आपल्या बंगाली शेजाऱ्यांच्या घरचे. सत्यजित राय यांनी आपल्याच फेलूदा-कथेवर 'सोनार केल्ला' (१९७४) काढला, तेव्हा पुस्तकात झाकून ठेवलेले खलनायक चित्रपटात प्रेक्षकांना लवकरच दाखवून टाकले. 'कोण?' हा प्रश्न संपला. 'आता काय होणार?' हा उरला. बंगाली बालगोपाळांनी आणि त्यांच्या आजोबांनीही हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, आणि राष्ट्रीय पारितोषिकांत दिग्दर्शनाचा मानही त्याला मिळाला.

'पाठलाग'ला हीच कसोटी लावून पाहा. रहस्य ठाऊक नसताना आपण वकिलाच्या बाजूने बसलेले असतो आणि त्या बाईचे ढोंग केव्हा उघडे पडते याची वाट पाहतो. रहस्य ठाऊक असताना आपण तिच्या बाजूने बसतो. तिचे प्रत्येक उत्तर खरे आहे हे आपल्याला माहीत असते, आणि ज्याने ते ओळखावे तोच माणूस तिला खोटे ठरवण्यासाठी आपली सारी बुद्धी पणाला लावतो आहे, हे पाहून जीव तुटतो. पहिल्या वेळी जी चातुर्यकथा वाटते, ती दुसऱ्या वेळी शोकांतिकेच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. मावशींनी रहस्य फोडले खरे, पण त्यानंतर कोर्टातील प्रसंगांना डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या त्याही मावशीच. समीक्षकांना जे उशिरा उमगते, ते साध्या प्रेक्षकाला कधी कधी आपोआप कळलेले असते.

दुसरा प्रश्न त्या तरुण मुलाचा. 'पाठलाग' ही नक्कल आहे, असे त्याला का वाटावे? कारणे उघड आहेत. हिंदी चित्रपटाचा पसारा मोठा, त्याची गाणी आजही कानांवर पडतात. 'वह कौन थी?' (१९६४), 'मेरा साया' आणि 'अनिता' (१९६७) या तिन्हींची गणना हिंदीचे जाणकार राज खोसला आणि साधना यांची रहस्यत्रयी म्हणून करतात. ती मांडणी चुकीची नाही. पण तिच्यात मराठी मूळ सहज झाकले जाते. आणि त्या मुळाचेही जे मूळ, ती देवकुळ्यांची कादंबरी, ती तर आपल्यापैकी किती जणांच्या हाती आली असेल? आपल्या कुटुंबांतली तिसरी पिढी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. तिने ते कुठून शोधावे?

गंमत अशी, की चित्रपटातल्या आशेवर जो प्रसंग आला, तोच या चित्रपटावर आला आहे. खरी असून ती पिंजऱ्यात उभी आहे, आणि 'मी सावली नव्हे' हे तिला सिद्ध करावे लागते आहे. फरक इतकाच, की तिच्या बाजूने साक्ष द्यायला आपण येथे आहोत. हिंदी चित्रपटाला उणे लेखण्याची यात गरज नाही. 'मेरा साया' मलाही मनापासून आवडतो. चांगल्या घरातून दिलेली मुलगी सासरी सुखात नांदली, तर माहेरच्यांनी आनंदच मानावा. माहेर कोणते, एवढे मात्र तिच्या मुलांना ठाऊक असावे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, 'पाठलाग'चा एक खेळ मुलांसाठी ठेवावा. त्याआधी दोन शब्दांत त्याचा इतिहास सांगावा, आणि खेळ संपल्यावर मुलांनाच बोलू द्यावे. रहस्य त्यांना आधी कळले असेल तरी चिंता करू नये. दुसरी, मंडळाच्या ग्रंथालयात 'आशा परत येते' आणि अर्नाळकरांच्या जमतील तेवढ्या कथा आणून ठेवाव्यात, आणि त्या काचेच्या कपाटात बंद न करता मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवाव्यात. पुढे काय झाले हे कळल्यावाचून राहवत नाही, म्हणून अडखळत का होईना, मूल पान उलटते; आणि परमुलखात भाषा टिकवण्यासाठी याहून खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही.

 मंडळाला शतकमहोत्सवाच्या शुभेच्छा आजच देऊन मी आपली रजा घेतो.