मालाचे आयुष्य आणि कामगार



मालाचा आराखडा, सुटे भाग, प्रत्येक फेरफार, दुरुस्ती आणि शेवटची उत्पादनबंदी यांची एकत्र नोंद मोठे कारखाने आता ठेवतात. ही शिस्त चांगलीच. जुन्या ड्रॉइंगवरून भाग बनला तर तो भंगारात जातो, हे आम्ही कामगार जाणतो.

पण कुर्ल्याला घडलेली पद्मिनी मोटार पाहा. उत्पादन थांबल्यावरही तिच्या टॅक्सी मुंबईत २०२३ पर्यंत धावल्या. त्या चालत्या कुणी ठेवल्या? गॅरेजातल्या कारागिरांनी. नोंदीत मात्र नटबोल्टाला क्रमांक असतो, हाताला नसतो. पुष्कळ कारखान्यांत मालाची अखेर कचेरीत आधीच ठरते. कामगाराला ती फाटकावरच्या नोटिशीतून कळते.

आमचे मागणे एवढेच : ज्या कागदावर मालाची अखेर लिहाल, त्याच कागदावर कामगाराचे पुढचे काम लिहा.