चपलेवर नाव कुणाचं?

(मंडळाच्या यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत एका सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आत येताना मी दाराशी जरा रेंगाळलो. तुम्हाला वाटलं असेल, हे भाषणाला घाबरलेत. तसं नव्हतं. मी तुमची पायताणं मोजत होतो. पुरुषांच्या बाजूला कोल्हापुरी जेमतेम पाच जोड दिसले आणि त्यातल्या दोघांचे तळ रबराचे होते. आपण बेळगावकर सणासुदीला धोतर-कुर्त्यावर हौसेनं कोल्हापुरी घालतो. ती कुणी केली, हे मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

मलाही नव्हतं सांगता येत. नोकरीत माझी बदली अथणीला झाली तेव्हा माझी समजूत साधी होती. कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरात होते, झालं! पहिल्याच आठवड्यात बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराकडे एक जोड आवडला. त्यानं दोनशे रुपये सांगितले, मी दीडशेवर आणले आणि घरी येऊन सौभाग्यवतींना फुशारकी मारली. पुढं महिनाभरातच कर्जाच्या अर्जाची पाहणी करायला एका घरी गेलो, तर दारात तेच गृहस्थ. मला बघून हसले. पायाकडे बघून म्हणाले, "साहेब, चावत न्हाई न्हवं?"

त्या दुपारी त्यांच्या घरी जे पाहिलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

चप्पल सुरू होते ती कातड्यापासून. ढोर समाजातले कारागीर कातडं कमावतात. आधी चुन्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. जुनी पद्धत अशी, की कातडंच पिशवीसारखं शिवायचं, टांगायचं आणि आत सालीचं पाणी भरायचं. याला काही आठवडे जातात. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार लवकर उरकतं. पण बाभळीनं कमावलेल्या कातड्याचा तो पिवळसर तांबूस रंग, वापरून वापरून गडद होत जाणारा, त्याला येत नाही.

मग चर्मकाराचं काम. तळाला म्हशीचं जाड कातडं. ते रापीनं कापायचं, भिजवायचं, ठोकून ठोकून घट्ट करायचं. थरावर थर ठेवून आरीनं भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं. अस्सल जुन्या घडणीत खिळा नाही. बाजूचे कान, वरचा पट्टा, अंगठा, सगळं हातानं बसवायचं. पट्ट्यावरची बारीक वेणी आणि नक्षी बहुतेक घरांत बायकांच्या हातची. त्या घरी सासू आणि सून उंबऱ्याशी बसून वेणी घालत होत्या. चामड्याच्या दोऱ्या इतक्या बारीक, की मला चष्मा पुसावा लागला.

मी मनात हिशेब केला. बँकेतला माणूस, दुसरं काय करणार? कातडं, दोघांचे दिवस, बायकांची मेहनत. दीडशेतून किती उरलं असेल? मी खाली बघितलं. सुटलेले पन्नास रुपये कुणाच्या घासातून सुटले होते, ते समोर बसलं होतं.

मी विचारलं, "अण्णा, हा माल जातो कुठं?"

"कोल्हापूरला. तिथं गेला की कोल्हापुरी हुतो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरात ते कानडी बोलत, माझ्याशी मराठी. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग या आपल्याच जिल्ह्यातल्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल होते, आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतही ती विकली जाते. मुलखावरून आपण कितीही भांडलो असू, चपलेनं सीमा कधी मानली नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. दोन सरकारं एका कागदावर एकत्र आली ती चपलेमुळं. याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढची गोष्ट तुम्ही वर्तमानपत्रात वाचली आहे. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्या चपलेसारख्या चपला दिसल्या. नाव फक्त 'चामडी सँडल'. इकडं ओरड झाली. महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, मग कंपनीनं भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. चांगलंच झालं. पण एक लक्षात घ्या. मानांकन 'कोल्हापुरी' या नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही. नाव न घेता तसाच घाट कुणी केला, तर हा कायदा तोकडा पडतो.

आपण सगळे तेव्हा चिडलो, मीही चिडलो. मग मला अण्णा आठवले. मिलानवाल्यांनी गावाचं नाव गाळलं म्हणून आपल्याला राग आला. कारागिराचं नाव तर आपण कधी विचारलंच नव्हतं. पैठणी घेताना विणकराचं घराणं विचारतो, तंबोरा घेताना मिरजेतला कारागीर विचारतो. चपलेशी आलो, की नाव नको, फक्त भाव.

याचं कारण आपल्याला माहीत आहे, तोंडानं म्हणत नाही एवढंच. चामड्याला हात लावणाऱ्याला आपल्या समाजानं लांब ठेवलं आणि त्यानं केलेली वस्तू मात्र मिरवली. आपल्या या भागात हरळय्यांची कथा घरोघरी सांगतात. बाराव्या शतकातल्या या शरणानं आणि त्याच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पायताणं करून बसवण्णांना दिली. बसवण्णांनी ती पायात घातली नाहीत, डोक्यावर घेतली. कथेचं आपण कौतुक करतो. आजच्या हरळय्याशी घासाघीस करतो.

अण्णांच्या मुलानं हा धंदा घेतला नाही. तो एका दुकानात नोकरीला लागला. मला म्हणाला, "साहेब, पैसा कमी असता तरी चाललं असतं. पण लग्नाच्या बोलणीत धंदा सांगितला की समोरचे गप्प होतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं धंदा सोडला यात त्याची चूक नाही. कुणाच्या मुलानं वाडवडिलांचंच काम करावं, हे सांगणारे आपण कोण? पण ज्याला करायचं आहे, त्याला ते मानानं करता यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो. चप्पल घेताना कडा बघा, चामड्याचे थर दिसतात का. तळाची शिवण वादीची आहे का बघा. तळाच्या कोऱ्या कातड्यावर पाण्याचा थेंब ठेवा. बाभळीच्या कातड्यात तो मुरतो, प्लॅस्टिकवर घरंगळतो. नवी चप्पल चावली तर पट्ट्याला तेल लावा. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. मी एकदा उन्हात तापवून चांगला जोड तडकवला आहे. तुटली तर टाकू नका, शिवून घ्या.

आणि ती कुणी केली, हे दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल, तर पुढच्या वेळी विचारून ठेवायला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, की त्यालाही नाव लिहून ठेवावं लागेल.

बदली होऊन निघताना मी अण्णांकडून आणखी एक जोड घेतला आणि सांगितली ती किंमत दिली. म्हटलं, तळाला आतून तुमचं नाव कोरा. ते हसले. म्हणाले, "पायाखाली नाव कशाला, साहेब? तुटली की या, म्हंजे झालं."

अण्णा आता नाहीत. त्यांची सून अजून वेणी घालते. तो जोड आज माझ्या पायात आहे. दाराशी तुम्ही पाहिलेल्या पाचांतला एक. दोनदा शिवलाय.