हत्यारांची धोपटी



आमच्या गांवीं दारांत येणाऱ्या न्हाव्याच्या काखेंत चामड्याची धोपटी असे. वस्तरा, कातर, आरसा, वाटी यांची जागा तींत ठरलेली. न पाहतां हात घातला तरी हवें तेंच हत्यार हातीं येई.

त्या धोपटीची आठवण मला दोन वर्षांपूर्वीं एका प्रसंगानें झाली. माझा एक जुना विद्यार्थी घरोघर जाऊन रेडिओ, इन्व्हर्टर, संगणक दुरुस्त करतो. तो आमच्या घरीं बसला असतां त्याच्या पिशवींतून धूर निघूं लागला. अंगणांत नेऊन ती उलटी केली, तेव्हां कारण दिसलें. लिथियमची एक सुटी बॅटरी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर यांच्यामध्यें सांपडली होती. पोलादानें तिचीं दोन्ही टोकें जोडलीं गेलीं आणि ती तापली. बोटें पोळण्यावरच निभावलें. पिशवी महागाची होती. दोष कापडाचा नव्हता, आंतल्या शेजाराचा होता.

म्हणून अशी पिशवी शिवावयाची तर 'कप्पे किती?' हा पहिला प्रश्न नव्हे. 'कोणास कोणाचा शेजार सोसत नाहीं?' हा होय.

प्रथम बॅटरी. १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या ज्या बॅटऱ्या सर्वत्र दिसतात, त्यांचा दाब जेमतेम ३.७ व्होल्ट, म्हणून माणूस गाफील राहतो. परंतु टोकें जोडलीं गेलीं कीं मोठा प्रवाह वाहतो. त्यांस झांकणाची प्लॅस्टिकची डबी हवी, आणि ती पिशवींतून सहज निघणारी हवी. कारण विमानप्रवासांत सुट्या लिथियम बॅटऱ्या जवळच्या सामानांत न्याव्या लागतात.

दुसरें सोल्डरिंग आयर्न. त्याचें टोंक ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें; नायलॉन त्याआधींच वितळतें. तें पुरतें निवूं द्यावें आणि मगच धातूच्या नळींत घालून ठेवावें. डाखाच्या तारेंत बहुधा शिसें असतें, तेव्हां जेवणाचा डबा त्या पिशवींत कदापि नसावा.

तिसरे नाजूक भाग. अंगावर सांठलेल्या स्थिर विजेची ठिणगी आपणांस जाणवते ती सुमारें ३००० व्होल्टांस. कित्येक भाग मात्र १०० व्होल्टांच्या आंतच निकामी होतात. साधा स्पंज व पॉलिथीन यांवर ही वीज सहज सांठते. याकरितां धातूचा थर दिलेल्या चंदेरी पिशव्या वापराव्या. गुलाबी पिशवी स्वतः वीज सांठवीत नाहीं, पण बाहेरची अडवीतहि नाहीं.

शेजार ठरला, कीं जमिनीवर मोठा कागद पसरावा. रोज लागणारीं हत्यारेंच त्यावर मांडावीं. वर्षांतून एकदां लागणारें घरीं राहूं द्यावें. प्रत्येकाभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढावी, बोटें शिरण्यापुरती जागा सोडावी, आणि त्या बेतानें कप्पे कापावे. जड वस्तु तळाशीं व अंगाच्या बाजूस असाव्या, म्हणजे खांदा ओढला जात नाहीं. बाहेरून जाड कॅनव्हास, आंतून फिकट रंगाचें कापड, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. आणि एका कप्प्यांत एकच हत्यार.

हा शेवटचा नियम माझ्या विद्यार्थ्यास प्रथम रुचला नाहीं. जागा फुकट जाते असें तो म्हणाला. तरी आम्हीं दोघांनीं कागद आंखला आणि गल्लींतल्या शिंप्यानें आठ दिवसांत पिशवी शिवून दिली. महिन्याभरानें तो मुद्दाम सांगावयास आला. एका गिऱ्हाइकाच्या इन्व्हर्टरचें झांकण बसवून तो निघणार, इतक्यांत चिमट्याचा कप्पा रिकामा दिसला. झांकण पुन्हां उघडलें, तों चिमटा आंत बॅटरीच्या टोकांजवळच पडलेला! जुन्या पिशवींत तो नाहींसें कळलेंच नसतें.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं दुरुस्तीचीं हत्यारें एकाच पिशवींत कोंबलेलीं असतील. आज रात्रीं ती उघडून एवढें पाहावें, कीं तींत सुटी बॅटरी कोणाच्या शेजारीं आहे.